साठीनंतरचा आरोग्य विमा : सरकारी कार्ड, टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत फरक काय?



बंदीचे दोन महिने सुरू आहेत. होड्या वर ओढल्या आहेत, जाळ्यांची डागडुजी चालू आहे आणि वर्षभर राहिलेली कागदपत्रं करायला हेच दिवस मिळतात. या वेळी कार्यालयात डिझेल आणि परवान्याइतकीच विचारणा आरोग्य विम्याची होत आहे. विचारणारे बहुतेक साठीच्या पुढचे सभासद किंवा त्यांची मुलं. प्रश्न साधारण एकच असतो, "सरकारी कार्ड आहे, आता एजंट वरचा विमा घ्या म्हणतो. घ्यावा की नको? आणि कुठला?"

प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढावं असं ठरवलं. आम्ही कुठल्याही कंपनीचं नाव घेणार नाही. कंपनी तुम्ही निवडा. काय बघून निवडायची, ते आम्ही सांगतो.

आपल्या धंद्यात निवृत्ती नसते

सरकारी नोकर निवृत्त झाला की त्याला पेन्शन असते, उपचाराची सोय असते. आपला माणूस दर्यावरून उतरतो तेव्हा त्याच्या हातात असं काही नसतं. गुडघे गेले, नजर कमी झाली, मुलाने होडी हाती घेतली, की हा घरी बसला. बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या आमच्या बायकांचं तर तेवढंही नाही. त्या सत्तरीपर्यंत बसतात. मग एक दिवस छातीत दुखतं आणि पैशासाठी सोनं बँकेत जातं, नाहीतर होडीचं इंजिन विकायची वेळ येते.

इथे एक गैरसमज आधी दूर करू. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखाली मच्छीमारांचा जो गट अपघात विमा आहे, तो अपघाताचा आहे, आजाराचा नाही. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास २.५ लाख आणि अपघातामुळे इस्पितळात दाखल झाल्यास २५ हजार रुपयांपर्यंत. हप्ता सरकार भरतं. वय १८ ते ७०. वर्षाला २० रुपये कापून जाणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमाही अपघाताचाच आणि तोही ७० पर्यंतच. हार्ट अटॅक, किडनी, कॅन्सर यांना या दोन्हींतून काही मिळत नाही. "माझा विमा आहे" असं म्हणणाऱ्या कितीतरी सभासदांच्या हातात प्रत्यक्षात हाच अपघात विमा असतो.

आपल्याकडे आधीच काय आहे?

वरचा विमा घेण्याआधी खालचा पाया काय आहे ते बघायला हवं. गोव्यात राहणाऱ्या आपल्या माणसाकडे तीन गोष्टी असतात किंवा असू शकतात.

पहिली, सरकारी इस्पितळं. बांबोळीचं गोमेकॉ, म्हापशाचं आणि मडगावचं जिल्हा इस्पितळ. गर्दी असते, थांबावं लागतं, पण मोठ्यातला मोठा आजार तिथे बघितला जातो. याला कमी लेखू नका.

दुसरी, दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना, म्हणजे आपण डीडीएसएसवाय म्हणतो ती. २०१६ पासून आहे. निदान पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला मिळते, उत्पन्नाची अट नाही. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि चार किंवा जास्त माणसं असली तर ४ लाख, अशी तिची मूळ मर्यादा. ठरावीक उपचारांची यादी आणि ठरावीक इस्पितळं. कार्डाचं नूतनीकरण करावं लागतं, आणि तिथेच आपली माणसं मागे पडतात. कपाटात जपून ठेवलेलं कार्ड काढून तारीख बघा. नूतनीकरणाला जाल तेव्हा सध्याची मर्यादा आणि यादीही विचारून घ्या.

तिसरी, आयुष्मान वय वंदना कार्ड. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी. गरीब-श्रीमंत बघत नाहीत. आधारवरचं वय बघतात. वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, कॅशलेस. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून चालतं, थांबायचा काळ नाही. घरात नवरा-बायको दोघंही सत्तरीच्या वर असतील तर ५ लाख दोघांत मिळून असतात, प्रत्येकी वेगळे नाहीत. ज्या घराकडे आयुष्मानचं कार्ड आधीपासून आहे, त्या घरातल्या सत्तरी पार केलेल्यांना हे ५ लाख वेगळे मिळतात, त्यात घरातल्या लहानांचा वाटा नसतो. खाजगी विमा असला तरी हे कार्ड काढता येतं. केंद्र सरकारच्या किंवा माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत असलेल्यांना मात्र दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. चौकशीचा फोन नंबर १४५५५.

म्हणजे ६० ते ७० या वयात डीडीएसएसवाय आणि सरकारी इस्पितळ, आणि सत्तरीनंतर त्यात वय वंदनाची भर. हा आपला पाया.

एजंट जे सांगत नाही ते

आता मुख्य मुद्दा. वाड्यावर येणारे काही एजंट असं समजावतात, "काका, सरकार ५ लाख देतंच. तुम्ही फक्त ५ लाखांच्या वरचा सुपर टॉप-अप घ्या. हप्ता अगदी थोडा." ऐकायला बरोबर वाटतं. पण हे दोन्ही एकमेकांवर तसे बसत नाहीत, म्हणून जरा सावकाश वाचा.

टॉप-अप किंवा सुपर टॉप-अप म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचं बिल भरणारा विमा. त्या ठरावीक रकमेला डिडक्टिबल म्हणतात. डिडक्टिबल ५ लाख असेल तर बिलातले पहिले ५ लाख कंपनी देणार नाही, त्यावरचे देईल. पहिले ५ लाख तुम्ही खिशातून भरा किंवा दुसऱ्या विम्यातून भरा, कंपनीला फरक पडत नाही.

सरकारी कार्ड मात्र पॅकेजवर चालतं. यादीतल्या इस्पितळात गेलात तर त्या शस्त्रक्रियेचा दर ठरलेला असतो आणि सरकार तो इस्पितळाला देतं. तुमच्या हातात बिल येतच नाही, मग टॉप-अप कशावर लागणार? आणि यादीत नसलेल्या खाजगी इस्पितळात गेलात तर सरकारी कार्ड तिथे चालत नाही. बिल भरून नंतर पैसे परत मागायची सोयही त्यात नाही. तिथे ७ लाखांचं बिल झालं तर सुपर टॉप-अप २ लाख देईल. पहिले ५ लाख तुमच्या घरातून जातील.

म्हणून सरकारी कार्ड आणि मोठ्या डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप एवढंच ज्याच्याकडे आहे, त्याला खाजगी इस्पितळात पहिल्या रुपयापासून संरक्षण आहे असं समजू नका. मधली ५ लाखांची फट तशीच उघडी असते. ही रक्कम तुमच्याकडे ठेव म्हणून बाजूला असेल, किंवा मुलाच्या कंपनीच्या विम्यातून मिळत असेल, तरच तो सुपर टॉप-अप उपयोगाचा.

वरच्या विम्याचे प्रकार

१. टॉप-अप. डिडक्टिबल प्रत्येक वेळच्या दाखल होण्याला वेगळं मोजतात.

२. सुपर टॉप-अप. डिडक्टिबल वर्षभरातल्या सगळ्या बिलांवर मिळून मोजतात.

फरक आकड्यात बघा. समजा डिडक्टिबल ३ लाख आहे. वडील वर्षात दोनदा दाखल झाले, एकदा बिल २.५ लाख, दुसऱ्यांदा २ लाख. टॉप-अपमध्ये दोन्ही बिलं ३ लाखांच्या आत, म्हणून काहीच मिळणार नाही. सुपर टॉप-अपमध्ये एकूण ४.५ लाख झाले, म्हणून १.५ लाख मिळतील. म्हाताऱ्या माणसाला वर्षात दोन-तीनदा दाखल व्हावं लागणं नवीन नाही. तेव्हा घ्यायचाच तर सुपर टॉप-अप घ्या, आणि पॉलिसीवर तो शब्द लिहिलेला आहे ना ते वाचून घ्या.

३. हॉस्पिटल कॅश. दाखल असाल त्या प्रत्येक दिवसाचे ठरलेले पैसे. बिलाशी संबंध नाही. गोमेकॉत उपचार फुकट झाले तरी सोबतच्या माणसाचा खर्च, भाडं, बुडालेली रोजी यांसाठी हा कामाचा. पण मोठं बिल यातून भागत नाही. किती दिवसांची मर्यादा आहे आणि पहिला दिवस धरतात की नाही, ते बघा.

४. गंभीर आजाराचा विमा. यादीतला आजार निघाला की एकरकमी पैसे. पण सुरुवातीला बहुधा ९० दिवस थांबावं लागतं, आणि निदान झाल्यावर ठरावीक दिवस रुग्ण जिवंत राहिला पाहिजे अशी अट असते. साठीनंतर हा महाग पडतो आणि आधीपासून हृदयाचं किंवा साखरेचं दुखणं असेल तर मिळणंही कठीण.

५. साधी मूळ पॉलिसी. वर सांगितलेली फट बुजवायची तर खरं हेच लागतं. तुलनेला सोपी म्हणून आरोग्य संजीवनी बघा. विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांना सारख्याच अटींवर विकायला लावलेली ही पॉलिसी. अटी एकच, हप्ता मात्र कंपनीप्रमाणे वेगळा. त्यात ५ टक्के खर्च आपल्याला भरावा लागतो, खोलीचं भाडं विमा रकमेच्या २ टक्के पण दिवसाला जास्तीत जास्त ५,००० रुपये, आणि मोतीबिंदूला एका डोळ्यामागे विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० यांतलं जे कमी ते. दुसरी कुठलीही पॉलिसी समोर आली की या अटींशी ताडून बघा. हिच्यापेक्षा अटी कडक आणि हप्ताही जास्त असेल तर का घ्यायची, हे एजंटला विचारा.

तुलना करताना हे सहा प्रश्न विचारा

पहिला : जुन्या आजाराला किती थांबायचं? १ एप्रिल २०२४ पासून नियम असा की जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबवता येतं. आधी ४८ होते. काही पॉलिसींत याहून कमी असतात. ६८ वर्षांच्या माणसाला तीन वर्षं थांबायचं म्हणजे ७१ होतात, हे मनात धरून हिशेब करा. गुडघा बदलणं, मोतीबिंदू, हर्निया यांना वेगळा थांबायचा काळ असतो, तोही विचारा.

दुसरा : को-पे किती? म्हणजे प्रत्येक बिलातला आपला हिस्सा. ज्येष्ठांच्या पॉलिसीत तो २० टक्के, कधी ३० टक्केही असतो. ४ लाखांच्या बिलात २० टक्के म्हणजे ८० हजार आपले. हप्ता स्वस्त दिसतो तो बऱ्याचदा यामुळे.

तिसरा : खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का? ही सगळ्यात लपलेली अट. समजा ३ लाखांची पॉलिसी आणि भाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,०००. तुम्ही ६,००० ची खोली घेतली तर कंपनी फक्त भाडंच निम्मं देणार नाही. डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर असे खर्चही त्याच प्रमाणात निम्मे कापू शकते. औषधं आणि शरीरात बसवायच्या वस्तू यांना ही कपात लागत नाही, पण बाकीचीच रक्कम मोठी असते.

चौथा : आजारनिहाय मर्यादा आहेत का? विमा ५ लाखांचा आणि स्टेंटला किंवा गुडघ्याला मर्यादा दीड लाखाची, असं असेल तर त्या आजारापुरता तुमचा विमा दीड लाखाचाच.

पाचवा : आपण प्रत्यक्षात जातो ती इस्पितळं यादीत आहेत का? मुंबईची पन्नास इस्पितळं यादीत असून आपल्याला काय उपयोग? पणजी, म्हापसा, मडगाव, वास्को आणि आपली माणसं जातात ते बेळगाव, एवढं बघा. परराज्यात सरकारी कार्ड वापरायचं असेल तर निघण्याआधी त्या इस्पितळाला फोन करून कार्ड चालतं का ते विचारून घ्या.

सहावा : दाखल होण्याआधीचा आणि नंतरचा खर्च किती दिवसांचा? आयुष्मानमध्ये आधीचे ३ आणि नंतरचे १५ दिवस. आरोग्य संजीवनीत आधीचे ३० आणि नंतरचे ६०. ऑपरेशननंतरच्या तपासण्या आणि औषधांत मोठा पैसा जातो, म्हणून हा फरक लहान समजू नका. दर महिन्याच्या बीपी-साखरेच्या गोळ्या मात्र यांतल्या कशातच येत नाहीत. त्यासाठी जनऔषधी दुकान गाठा.

हप्ता एका वर्षाचा बघू नका

आज परवडतो तो हप्ता पाच-सात वर्षांनी परवडेल का, हे बघायला हवं. मधेच सोडला तर आधी भरलेलं गेलं, आणि नेमका गरजेच्या वयात विमा नाही.

दोन गोष्टी ज्येष्ठांच्या बाजूने झाल्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये इर्डाने सांगितलं की ६० वर्षांवरच्यांचा हप्ता एका वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी इर्डाशी सल्लामसलत केली पाहिजे. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. ३०,००० च्या हप्त्यावर आधी ५,४०० कर लागून ३५,४०० व्हायचे, आता ३०,००० च. कोणी अजून कर लावून आकडा सांगत असेल तर विचारा. गट विम्यावर मात्र तो कर राहिला आहे.

तरीही वर्षाला १० टक्के वाढ धरली तर आजचे ३०,००० सात वर्षांत ५८,००० च्या वर जातात. हा आकडा कागदावर लिहा आणि जो मुलगा हप्ता भरणार त्याच्यासमोर ठेवा. मुलगा जुन्या कर पद्धतीत रिटर्न भरत असेल तर ज्येष्ठ आई-वडिलांच्या हप्त्यावर वर्षाला ५०,००० पर्यंत वजावट मिळते, पण हप्ता रोखीने भरलेला चालत नाही.

कोणी काय करावं?

सत्तरी पार, जुने आजार आहेत आणि मोठा हप्ता झेपणारा नाही : वय वंदना कार्ड काढा, डीडीएसएसवाय चालू ठेवा आणि यादीतली जवळची इस्पितळं लिहून घरात लावा. खाजगी पॉलिसीसाठी कर्ज काढू नका. हप्त्याइतकी रक्कम दरवर्षी सोसायटीत किंवा बँकेत बाजूला टाकलीत तर वरखर्चाला येईल.

साठ ते सत्तरच्या मधले, तब्येत बरी, मुलं कमावती : हीच वेळ मूळ पॉलिसी घेण्याची. थांबायचा काळ सत्तरीच्या आत संपवता येतो. लहान मूळ पॉलिसी आणि तेवढ्याच डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप अशी जोडी एका मोठ्या पॉलिसीपेक्षा बहुधा स्वस्त पडते. मूळ ५ लाखांची असेल तर डिडक्टिबलही ५ लाखच ठेवा, म्हणजे मधे फट राहणार नाही.

मुलगा बोटीवर, हॉटेलात किंवा कंपनीत आणि आई-वडील त्याच्या गट विम्यात : चांगलंच आहे, पण नोकरी सुटली की तो विमा सुटला. त्याच्यावर सुपर टॉप-अप आताच घेऊन ठेवला तर जुन्या आजाराचा काळ त्यात मोजायला सुरुवात होते.

फॉर्म भरताना आणि नंतर

कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा देऊ नका. बीपीची गोळी, साखर, जुनं ऑपरेशन, दारू-तंबाखू, सगळं खरं लिहा. "हे लिहू नका, हप्ता वाढेल" असं सांगणारा एजंट दाव्याच्या वेळी तुमच्यासोबत नसतो. सलग ६० महिने पॉलिसी चालली की त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, पण तिथपर्यंत पोचायचं असतं.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत वाचून पसंत नसेल तर परत करता येते. इस्पितळात कॅशलेसची मंजुरी विनंतीनंतर एका तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत मिळाली पाहिजे, असा २०२४ चा नियम आहे. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडे तक्रार, मग इर्डाकडे १५५२५५ वर, आणि तरीही ऐकलं नाही तर विमा लोकपाल. लोकपालाकडे फी लागत नाही, वकीलही लागत नाही. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात.

सोसायटीत या

ज्यांच्या घरात सत्तरीचं माणूस आहे आणि वय वंदना कार्ड नाही, त्यांनी त्यांचं आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाईल घेऊन कार्यालयात यावं. आधारवर जन्मतारीख चुकली असेल तर आधी ती दुरुस्त करावी लागेल. आपल्या जुन्या माणसांच्या आधारवर नुसतं वर्ष किंवा १ जानेवारी असं लागलेलं बऱ्याचदा दिसतं, ते बघून घ्या. माणूस अंथरुणावर असेल तर तसं कळवा, घरी येऊन बघू.

पॉलिसी घेतली असेल किंवा घ्यायच्या विचारात असाल तर तिचा कागद आणा. वरचे सहा प्रश्न घेऊन आपण एकत्र बसून वाचू. नारळी पौर्णिमेनंतर सगळे परत दर्यावर, मग या कामाला कोणाला वेळ होणार नाही. म्हणून जे करायचं ते या बंदीतच करून टाकूया.

आपल्या घरातल्या ज्येष्ठांना हे वाचून दाखवा आणि वाड्यावरच्या ग्रुपवर पुढे पाठवा.

आपला,
सचिव